बाजूनं घ्या

"इथे कुठे सायकल घालताय?" हा प्रश्न काल मला पुण्याच्या सातारा रस्त्यावर विचारला गेला. सायकल ट्रॅकवर. अजून घशाखाली उतरलेला नाही.

विचारणारे काका ट्रॅकच्या मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. अंगात बंडी, मांडीवर पेपर. खुर्ची डुगडुगू नये म्हणून पायाखाली पेव्हर ब्लॉकचा तुकडा. तो ट्रॅकचाच, शेजारच्या खड्ड्यात तंतोतंत बसला असता. मी घंटी वाजवली. त्यांनी पान उलटलं. पुन्हा वाजवली.

"ऐकू येतं मला."

"काका, सायकल ट्रॅक आहे हा."

"मग? मी विमानतळ म्हटलं का?"

"जागा द्या ना जरा."

"बाजूनं घ्या."

एका बाजूला विजेचा डीपी, दुसरीकडे रसाचं गुऱ्हाळ. काकांनी चष्मा वर करून दोन्हींची पाहणी केली. डीपी चुकीच्या जागी आहे, हे त्यांना ताबडतोब पटलं. "तक्रार करा! नागरिक झोपलेत सगळे. 2006 ला बीआरटी, ती बसची वेगळी लेन, आली, तेव्हापासून बघतोय. सायकलवाला एक येत नाही इथून."

"तुम्ही बसता म्हणून येत नसतील."

"कोणी येत नाही म्हणून तर बसतो!"

तेवढ्यात समोरून उलट्या दिशेनं एक अ‍ॅक्टिव्हा हॉर्न देत आली. काका टुणकन उठले, खुर्ची उचलली, पोट आत घेतलं. अ‍ॅक्टिव्हा गेली, खुर्ची परत जागेवर.

"त्याला बरी दिलीत जागा!"

"तो घाईत होता."

म्हणजे मी काय प्रदक्षिणा घालत होतो?

पुणे म्हणे सायकलींचं शहर. 2017 च्या डिसेंबरात इथे अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला. पाठोपाठ भाड्याच्या पिवळ्या, नारिंगी सायकलीही आल्या आणि गेल्या. पुणेकरांनी त्यांचं काय काय केलं, ते पाहुण्यांसमोर सांगण्यासारखं नाही. ट्रॅकवर स्कूटर शिरू नये म्हणून तोंडाशी खांब रोवलेत. स्कूटर पुढच्या सोसायटीच्या उतारावरून आरामात चढते. हँडल अडकतं ते माझं. खांबांपाशी सायकल उचला, चेंबरच्या झाकणापाशी उतरा, आणि चौक आला की ट्रॅक गायब. जिथे गाडीखाली जायची खरी भीती, तिथेच. एवढं साधं कागदावर रेघ ओढणाऱ्याला कळत नाही? एकदा त्याला सायकलवर बसवून पाठवा संध्याकाळी सातला.

शेवटी सायकल उचलून रस्त्यावर उतरलो. पाठीमागून टेम्पोवाला मान बाहेर काढून ओरडला, "ओ काका, ट्रॅक दिलाय ना तुम्हाला? मग इथं कशाला मरताय?"