बुधवारचा रस्सा आणि आमचं वायफाय

आमच्या घरातलं वायफाय फक्त बुधवारी आणि शुक्रवारी मरायचं. दुपारी बरोबर दीडला, मिटिंग ऐन रंगात असताना. पुण्यातला बॉस काहीतरी विचारणार आणि मी स्क्रीनवर आ वासून गोठलेला. नेटवाल्या पोराला तीनदा बोलवलं, तिन्ही वेळा तो नेमका मंगळवारी नाहीतर गुरुवारी उगवला, मोबाईल धरून घरभर फिरला, "भावा, लाईन एकदम ओके हाय" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

पेठेतलं जुनं घर, दोन-दोन फुटी दगडी भिंती, म्हणून आधी संशय भिंतींवर. पण भिंत काय बुधवारीच जाड होत नाही. शेवटी आजीनं विचारलं, "बुधवारी काय असतंय रं आपल्यात?"

मटण!

आमच्यात प्रत्येकाची जेवायची वेळ वेगळी. भाजी गार चालती, रस्सा मात्र कढत पायजे, आणि गॅसवर सारखा तापवला की आटून खारट होतो असं आईचं मत (बरोबरच आहे), म्हणून वाटी-वाटीनं मायक्रोवेव्हमध्ये. दीड वाजता दादाची वाटी. आता ओव्हन चालतो साधारण 2.45 गिगाहर्ट्झवर आणि वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर, म्हणजे दोघं एकाच बोळात. त्यात ओव्हन 800 वॅटचा आणि राउटर सोडतो कसाबसा 0.1 वॅट. शेजारी हलगी कडकडत असताना कुजबुजत पत्ता सांगण्यातला प्रकार.

हे सांगितल्यावर आई घाबरली. "म्हंजे आपण पण शिजायलोय की काय?"

मग दाराची जाळी दाखवली. त्या लाटेची लांबी 12 सेंटीमीटर, जाळीची भोकं बारकी, त्यामुळं ती आतच राहते. उजेडाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून छोटी, ती भोकातून बिनधास्त बाहेर येते, म्हणून तर वाटी फिरताना दिसते. दाराच्या फटीतून किंचित झिरपतं, माणसाला त्याचं काही होत नाही, पण राउटरचा जीवच केवढा!

"मग त्येलाच जरा रस्सा पाज की," आई म्हणाली.

मग वायफाय 5 गिगाहर्ट्झवर लावून बघितलं. रस्सा आडवा येईना, पण हे पोरगं भिंतीपुढं ढेर, माझ्या खोलीत एक दांडी येईल तर शपथ. तिकडं आबांचा रेडिओ खुंटीवरनं मजा बघतोय. सांगली केंद्र, 1251 किलोहर्ट्झ, 240 मीटरची लाट, तिला दोन फुटी भिंत म्हणजे किस झाड की पत्ती. आबा रोज ऐकवतात, "आमचं कधी अडकतंय का बघ."

राउटरपासून माझ्या खोलीपर्यंत वायर ओढायची म्हटलं तर भिंतीला भोक पाडावं लागणार, त्याला आबा नाही म्हणाले. रस्सा बंद करा म्हणायची माझी छाती नाही. मग बॉसलाच मेल टाकली, मिटिंग मंगळवारी घ्या. कारण प्रामाणिकपणे लिहिलं: बुधवारी आमच्या भागात मायक्रोवेव्हचा व्यत्यय असतो. त्याला वाटलं उजळाईवाडीच्या विमानतळावरचा रडार वगैरे. लगेच मंजूर. वर विचारतोय, विमानं फक्त बुधवारीच येतात का?

शुक्रवारचं अजून सांगितलेलं नाही.