नवव्या दिवशी संध्याकाळी बिल्ड
स्प्रिंट, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कामाचा एक टप्पा, १० दिवसांचा; बिल्ड, म्हणजे तपासायची आवृत्ती, आम्हा टेस्टिंगवाल्यांच्या हातात पडणार नवव्या दिवशी संध्याकाळी, आणि लगेच विचारणा: 'साइन-ऑफ (तपासून मंजुरी) कधी?' रिग्रेशनच्या, म्हणजे आधीचं काही बिघडलं नाही ना हे बघायच्या, ४०० केसेस काय फुंकर मारून पास करायच्या? 'छोटासाच बदल आहे' म्हणे! तो छोटासा बदल लॉगिनच्या सेशनला हात लावतो, म्हणजे पासवर्ड रीसेटपासून पेमेंटपर्यंत सगळं पुन्हा तपासणं आलं. बग नोंदवला की डेव्हलपरचं उत्तर ठरलेलं, 'माझ्या मशीनवर चालतंय.' मग ग्राहकाला तुझं मशीनच पाठवू का? स्टेजिंगवर (रिलीजआधीच्या चाचणी सर्व्हरवर) डेटाबेसचं मायग्रेशन (रचनेतले बदल) चालवलंच नव्हतं, हे कळेपर्यंत अर्धा दिवस गेलेला. फ्लेकी टेस्ट (कधी पास, कधी फेल होणारी) तीनदा री-रन करून हिरवी झाली, की सगळे खूश! आणि एवढं होऊन प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहकांच्या खऱ्या वापरात, फुटलं की पहिला प्रश्न, 'टेस्टिंगवाल्यांनी पकडलं कसं नाही?'