थोरली कमला, धाकटी कमल

मागच्या मंगळवारी सैन्यातल्या माझ्या रेकॉर्ड ऑफिसचे, म्हणजे जवानांचे कागद सांभाळणाऱ्या कचेरीचे, पत्र आले आणि त्यात माझ्या पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला मागितलेला होता. पत्र उघडले तेव्हा माझी पहिली, एकमेव आणि सध्याची पत्नी पडवीत हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. दाखला मिळत नसल्यास घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची साक्षांकित प्रत चालेल, अशी सवलतही दिली होती, आणि शेवटच्या परिच्छेदात 'प्लूरल मॅरेज', म्हणजे एक बायको असताना दुसरी करण्याचा प्रकार माझ्याकडून घडला आहे काय, याचा खुलासा मागितला होता. २४ वर्षांच्या नोकरीत ज्या हवालदाराच्या कागदांवर एकही रेड इंक एंट्री, म्हणजे शिक्षेची लाल शाईतली नोंद, पडली नाही, त्याच्यावर निवृत्तीनंतर १८ वर्षांनी हा आरोप यावा, आणि तोही एका 'ए' या इंग्रजी अक्षरामुळे!

घडले ते एवढेच. १९८६ साली लग्न करून मी युनिटमध्ये परतलो आणि पार्ट टू ऑर्डरसाठी, म्हणजे जवानाच्या लग्न-मुलांची नोंद करणाऱ्या आदेशासाठी, पत्नीचे नाव 'कमल' असे लिहून दिले. आमचा क्लार्क उत्तर प्रदेशातला, अत्यंत सज्जन. "कमल तो आदमी का नाम होता है, भाई," असे म्हणून त्याने माझी अब्रू वाचवण्यासाठी शेवटी एक 'ए' जोडला. तीच कमला पुढे डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या मंजुरीपत्रात, सुखाने नांदली. आमच्या घराण्यात लग्नात ताटातल्या तांदळावर नाव लिहून सुनेचे नाव बदलण्याची चाल होती. ती माझ्या आईने हट्टाने मोडली. सैन्याने मात्र ती पाळली. आता पेन्शनच्या पोर्टलवर पत्नीचे आधार कार्ड जोडायला गेलो, तेव्हा कमल आणि कमला प्रथमच समोरासमोर आल्या आणि संगणकाने दोघींना एका घरात ठेवून घेण्यास नकार दिला.

आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. घराघरांतून जवान दिल्यामुळे त्याच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला. एका अख्ख्या गावाच्या नावात चार अक्षरे वाढवणे जमते आणि माझ्या बायकोच्या नावातले एक खोडणे जमत नाही, हे मला समजत नाही.

बुधवारी कोर्टाबाहेर वडाखाली बसणाऱ्या टायपिस्टकडे प्रतिज्ञापत्र करायला गेलो. त्याला ऐकू कमी येत असावे, किंवा सगळ्या पक्षकारांना ऐकू कमी येते असा त्याचा समज असावा. कारण तो प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचत टंकत होता. "कमल व कमला या दोन भिन्न स्त्रिया नसून..." असे तो गरजला, तेव्हा बाकावर बसलेल्या एका आजींनी मान वळवली. वय ऐंशीच्या आसपास, हातात काठी, मांडीवर कागदांची पिशवी.

"थोरली कंची?" त्यांनी विचारले.

"आजी, थोरली-धाकटी नाही. बायको एकच आहे."

"आसं समदेच म्हणत्यात. कागदाला पयली कोन लागली?"

"कमला. पण ती..."

"मंग ती थोरली. आन् ह्यो कागद कशापायी?"

"कमलाचे नाव काढून कमलचे लावण्यासाठी," मी सैनिकाच्या प्रामाणिकपणाने सांगितले, आणि तिथेच लढाई हरलो. आजींनी काठी आपटली.

"बघा रं बघा! मिल्ट्रीत हुता म्हनं! थोरलीचं नाव खोडून धाकटीचं लावतोय, आन् ते बी देवाच्या झाडाखाली बसून!"

भोवती चार माणसे जमली. मी खिशातून पत्नीबरोबरचा जॉइंट फोटो काढून दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ न्याहाळला आणि निकाल दिला, "ही धाकटीच. थोरलीचा फोटू काडलाच नसंल." टायपिस्टने मध्यस्थी करण्याऐवजी मला हळूच विचारले की, थोरलीबाई हयात असतील तर मजकूर बदलावा लागेल, तेव्हा आताच सांगावे, नाहीतर पाचशेचा मुद्रांक वाया जाईल.

नंतर आजींच्या पिशवीतले कागद मीच त्यांना वाचून दाखवले, तेव्हा काठी का आपटली गेली ते कळले. नवरा गेल्यावर सवतीच्या मुलांनी तलाठ्याकडे वारसांची यादी देताना आजींचे नाव गाळले होते आणि तीन वर्षे त्या स्वतःच्याच अस्तित्वाचे पुरावे घेऊन येत होत्या. माझा राग तिथे थोडा ओशाळला, पण गेला नाही. उलट त्याला जागा सापडली. माझ्यामागे हिला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे आहे. तेव्हा त्या खिडकीपाशी कमल उभी राहील, आतला माणूस कमलाला शोधेल, आणि कोण्या सज्जन क्लार्कने कोणत्या साली कशासाठी एक अक्षर जोडले, हे सांगायला मी नसेन. सैन्यात माणूस नंबराने ओळखला जातो. माझा नंबर आणि त्याच्या शेवटचे अक्षर आजवर कुठेही चुकलेले नाही. पत्नीला मात्र नंबर नसतो, तिला नुसते नाव असते, आणि तेही तिला न विचारता लिहिलेले.

घरी येऊन सगळा वृत्तांत सांगितला. टायपिस्टने दोन्ही नावांच्या सह्या आणायला सांगितल्या होत्या. पत्नीने आधी 'कमल' अशी सही केली, जशी ती चाळीस वर्षे करते, जरा वाकडी. मग 'कमला' अशी केली. ती आयुष्यात पहिल्यांदाच करत असल्यामुळे जपून केली आणि सुबक आली. दोन्ही सह्या ताडून पाहणारा कोणीतरी त्यावरही पत्र पाठवील, अशी शंका मी बोलून दाखवली.

"पाठवू द्या," चष्मा काढत ती म्हणाली, "आणि त्या आजी पुन्हा भेटल्या, तर थोरली सुखरूप आहे म्हणून सांगा."