आत्मपरीक्षण करा, पण बेताने

मार्च आला की एचआरचा मेल येतो: सेल्फ अप्रेझल शुक्रवारपर्यंत भरा. महत्त्वाकांक्षी माणसाने आत्मपरीक्षणाचा हा मुहूर्त चुकवू नये. स्वतःला ओळखायला पूर्वीचे लोक घरदार सोडून जात; तुम्हाला फक्त पोर्टलवर जायचं आहे. तेवढं सारखं सेव्ह करत राहा, नाहीतर मध्येच लॉगआउट होतं.

पहिला रकाना यशाचा. सात जणांनी रात्री जागून केलेलं मायग्रेशन तुम्ही एकट्याने केलंत असं बिनदिक्कत लिहा. बाकीचे सहाही तेच लिहीत आहेत.

खरी कसोटी 'सुधारणेला वाव' या रकान्याची. इथे दोष लिहायचा असतो, पण तो मॅनेजरला आवडेल असा. 'मी कामात फार गुंततो', 'दर्जाबाबत मला तडजोड जमत नाही', असे दोन-तीन नेहमी हाताशी ठेवा. ज्युनिअरची कल्पना क्लायंटसमोर आपली म्हणून मांडलीत, ती इथे आणू नका. ती यशाच्या रकान्यात आधीच गेली आहे.

स्वतःला पाचपैकी चार गुण द्या. पाच दिलेत तर मस्ती दिसते आणि तीन दिलेत तर मॅनेजर लगेच सहमत होतो. अर्थात, गुण कुणाला किती हे बेल कर्व्हवर, म्हणजे थोडे वर, थोडे तळाला, बाकीचे मध्ये अशा ठरलेल्या वाटणीत, आधीच बसवलेलं असतं, पण म्हणून चिंतन थांबवू नये. जीई या अमेरिकी कंपनीचे एकेकाळचे प्रमुख जॅक वेल्च दरवर्षी तळाच्या १० टक्के लोकांना नारळ द्यावा या मताचे होते. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. तुमच्याकडेही बंद झाली असेलच. आता तिला कॅलिब्रेशन म्हणतात.

पहाटे पाचला उठणं, कोच लावणं, डायरी लिहिणं हेही करून पाहा. डायरी मात्र महागड्या कागदाची घ्या, म्हणजे लिहून खराब करावीशी वाटणार नाही.

एवढ्याने भागलं नाही तर इगतपुरी. सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतलं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र तिथे १९७६ पासून आहे. दहा दिवसांचं शिबिर, पहाटे चारला घंटा, दिवसाकाठी दहाएक तास बैठक. फोन जमा करायचा, वाचायचं नाही, लिहायचंही नाही. फी नाही, राहण्याजेवणाचा खर्च आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून चालतो. ही मोठीच गैरसोय, कारण लर्निंग बजेटमधून क्लेम करायला बिलच मिळत नाही. शिवाय शेजारच्या आसनावरच्या माणसाआधी आपलं मन शांत झालं, हे त्याला ऐकवायला दहाव्या दिवशी मौन सुटेपर्यंत थांबावं लागतं. रँकिंगही लागत नाही. एवढ्या जुन्या संस्थेने याचा विचार करायला हवा होता.

एक धोका आधीच सांगून ठेवतो. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा असतो आणि नेमका तेव्हाच तो ज्युनिअर डोळ्यांपुढे येऊन उभा राहतो. घाबरू नका. तो कंपनी सोडून गेला आहे आणि एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये त्याने कारण 'वैयक्तिक' असंच लिहिलं आहे. तेव्हा श्वासाकडे परत या. तरीही तो गेला नाही, तर सुटल्यावर त्याला लिंक्डइनवर एक शिफारसपत्र लिहून टाका. ते तुमच्याही नावाने दिसतं.

आत लिहायला मनाई असल्याने पोस्ट निघण्यापूर्वीच लिहून ठेवा: 'दहा दिवसांच्या मौनाने मला स्टेकहोल्डर मॅनेजमेंटबद्दल काय शिकवलं'. फोटो केंद्राच्या कमानीपाशी, नजर किंचित खाली, चेहऱ्यावर नम्रता. मुंबईकडे परतणार असाल तर इगतपुरी स्टेशनातच पोस्ट करून टाका. कसारा घाटात बोगदे लागले की नेटवर्कचा भरवसा नाही.

घरी पोचल्यावर कुणी विचारलंच, काय फरक पडला म्हणून, तर पोस्टची लिंक पाठवा.