‘चंद्रस्थान’ : पुराणांतले नव्हे, पंडिताच्या बोरूतले

रविवारी जेवताना आमच्या काकांनी मोबाइल ताटाशेजारी टेकवून, सर्वत्र फिरत असलेला एक संदेश मोठ्याने वाचून दाखवला आणि तो आपण ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत वाचणार असल्याचेही जाहीर केले. संदेशाचे म्हणणे असे : टांझानियातील न्यामवेझी लोक मूळचे चंद्रवंशी, त्यांच्या देशाचे ‘चंद्रस्थान’ हे नाव पुराणांत आहे, तिथल्याच नकाशावरून जॉन स्पीक या इंग्रज प्रवाशाला नाईलचा उगम सापडला आणि त्यांची भाषा म्हणजे व्याकरण हरवलेली संस्कृत.

स्पीकने १८६३ च्या प्रवासवर्णनात असा नकाशा छापला, त्यावर ‘चंद्रिस्थान’ आहे आणि प्राचीन हिंदूंचे कौतुकही त्याने केले आहे, एवढे नाइलाजाने मान्य करतो. मात्र तो नकाशा मूळचा फ्रान्सिस विल्फर्ड या ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याचा, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नियतकालिकाच्या तिसऱ्या खंडातला. साहेबांना पुराणांत नाईल हवी होती आणि पदरच्या पंडिताने ती पुरवली. याच विल्फर्डने १८०५ मध्ये आठव्या खंडात स्वतःच कबुली दिली, की पंडिताने पोथ्यांतील शब्द बदलले, स्वतः रचलेले श्लोक घुसडले आणि लबाडी उघडी पडताच उतारे अस्सल असल्याची शपथ घ्यायला दहा ब्राह्मण आणून उभे केले. म्हणजे स्पीकने नकाशा छापला तेव्हा ही कबुली छापून ५८ वर्षे झाली होती. त्याने ती वाचली नसावी, आणि संदेश लिहिणाऱ्याने तर दोन्ही खंड उघडलेले दिसत नाहीत. १८५८ साली स्पीक नाईलचा उगम मानल्या गेलेल्या व्हिक्टोरिया सरोवरापाशी पोहोचला तो आजच्या ताबोराजवळच्या काझे येथील अरब व्यापाऱ्यांनी दिलेल्या माहितीच्या आधारे.

नावात चंद्र आहे, हे खरे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत ‘म्वेझी’ म्हणजे चंद्र, आणि महिनाही. परंतु युगांडातील गांडा भाषेत ‘ओम्वेझी’ आणि झिंबाब्वेतील शोना भाषेत ‘म्वेड्झी’ हेच शब्द असल्याने हा बांटू या आफ्रिकी भाषाकुळाचाच वारसा ठरतो. शिवाय हे नाव किनाऱ्यावरच्या लोकांनी पश्चिमेकडून येणाऱ्यांना दिलेले; कोवळी चंद्रकोर पश्चिमेला दिसते, असे त्याचे स्पष्टीकरण सांगतात.

व्याकरणाचे म्हणाल, तर एडमंड डाल या मिशनऱ्याने न्यामवेझी बोलणाऱ्यांत राहून नोंदवलेल्या एका ध्वनिनियमाला बांटू भाषांच्या अभ्यासात आजही ‘डालचा नियम’ म्हणतात. लागोपाठच्या दोन अक्षरांत अघोष (क, ट, प यांसारखी) व्यंजने आली की पहिले घोष (ग, ड, ब यांसारखे) होते, म्हणून स्वाहिलीतला ‘टाटू’, म्हणजे तीन, इथे ‘डाटू’ होतो. संस्कृतात ‘भू’चे ‘बभूव’ होताना पहिल्या ‘भ’ची महाप्राणता (त्यातला ‘ह’कार) जाते, तीही अशीच खोड, पण तेवढ्यावरून कोणी कोणाचे नातलग होत नाही.

संदेशात त्यांना जाता जाता ‘अडाणी हमाल’ही म्हटले आहे. हस्तिदंताच्या तांड्यांबरोबर ते किनाऱ्यापर्यंत मजुरी ठरवून ओझी नेत, आणि मिरांबोसारखा त्यांच्यातला राजा १८८४ मध्ये मरेपर्यंत अरब व्यापाऱ्यांना जड गेला.

काकांनी शेवटी विचारले, ‘मग आपले तिकडे काहीच नाही का?’ आहे. स्वाहिलीतले ‘गारी’ म्हणजे आपली गाडी; ती मात्र किनाऱ्यावरच्या व्यापारातून गेली.