‘नर्स’ला पाच अक्षरांत कोंबू नका

१२ मे, परिचारिका दिन जवळ आला की आमच्या अंबाजोगाईच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो: नर्स हा शब्द पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांनी बनला. नोबल, अंडरस्टँडिंग, रिस्पॉन्सिबिलिटी, सिंपथी, एफिशियन्सी. तो फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी रूढ केला आणि मूळ अर्थ ‘रुग्णसेवा’. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला, पण तिन्ही गोष्टी चूक.

आधी आद्याक्षरं. लॅटिनमध्ये ‘नूत्रिरे’ म्हणजे दूध पाजणं, पोसणं. ‘नूत्रिक्स’ म्हणजे पाजणारी बाई. तोच शब्द जुन्या फ्रेंचमधून ‘नुरिस’सारखा होऊन इंग्रजीत शिरला. तेव्हा स्पेलिंग कुणी यू घालून करी, कुणी ओ घालून. ओवाल्यांनी ‘अंडरस्टँडिंग’ कुठून आणायचं?

नाइटिंगेलबाई जन्मल्या १८२० साली, क्रिमियाच्या युद्धात गेल्या १८५४ला. आणि शेक्सपिअरचं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ हे नाटक छापलं गेलं १५९७ला. त्यात एक नर्स आहे. ती कुणाला सलाइन लावत नाही. तिनं ज्युलिएटला अंगावर पाजलंय. लेकरू दूध सोडेना म्हणून आपल्याकडं बाया कडुलिंबाचा पाला वाटून लावायच्या. या नर्सनंही तेच केलं, फक्त तिचा पाला वर्मवूडचा, आपल्या दवण्याच्या कुळातला. ज्युलिएटनं तोंड कसं वाकडं केलं, ते ती रंगवून सांगते.

म्हणजे अर्थाचाही निकाल लागला. आधी लेकरू, आजारी माणूस नंतर. रुग्णसेवेचा अर्थ सोळाव्या शतकाच्या शेवटाकडं रुळला. नर्सरी म्हणजे आधी लेकरांची खोली, मग रोपांची जागा. काळ्या पिशव्यांत केशर आंब्याची कलमं मांडलेली नर्सरी गावाबाहेर दिसते ना, ती तीच. न्यूट्रिशन, नर्चर हीसुद्धा त्याच घरची भावंडं.

आपल्या ‘दाई’चं बघा. फारसी ‘दाया’ म्हणजेही दूध पाजणारी. इकडं ती बाळंतपण करणारी झाली, तिकडं नर्स रुग्णाच्या उशाशी जाऊन बसली.

एवढं लिहिल्यावर एका मावशींनी विचारलं, “मग दवाखान्यातल्या ब्रदरला नर्स म्हणावं का नाही?” म्हणा की मावशी. नर्सरीतल्या माळ्यानं तरी कुठं कुणाला अंगावर पाजलंय!