घराला कणकण

गेल्या सप्टेंबरात एका रात्री अडीच वाजता मी अंथरुणात उठून बसलो आणि हिला हलवून म्हणालो, "अगं ऊठ, घराला ताप आलाय."

ती उठली नाही. डोळे मिटूनच तिनं विचारलं, "कुठल्या?"

"कणकुंबीच्या."

"सकाळपर्यंत उतरेल," म्हणाली आणि कूस बदलून घोरायला लागली.

आमची घरं दोन. एक बेळगावच्या शहापुरात, ज्यात आम्ही राहतो. दुसरं कणकुंबीच्या अलीकडे, जंगलाला लागून, ज्यात कोणी राहत नाही आणि म्हणूनच ज्याची काळजी जास्त. चिऱ्याच्या भिंती, वर खानापूरची कौलं, आजोबांनी बांधलेलं. माझ्या लहानपणी त्याला नुसतं 'गावाकडचं घर' म्हणायचे. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, एकदा मित्रांना घेऊन आला आणि त्या दिवसापासून ते 'फार्महाऊस' झालं. शेत म्हणावं तर दारात चार केळी आणि एक फणस. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले आठ-दहा दिवस तिथं माणसं असतात. बाकी वर्षभर पाली, उंदीर आणि बुरशी घर सांभाळतात. पाली आणि उंदीर मन लावून काम करत नाहीत. बुरशी करते.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. कणकुंबीला काय म्हणावं ते अजून कोणी ठरवलेलं नाही, कारण जून ते सप्टेंबर ठरवायला बाहेर पडता येत नाही. मलप्रभा नदी कणकुंबीला उगम पावते. पावसाळ्यात आमच्या माजघरात पाय ठेवला की ती नेमकी तिथूनच उगम पावत असावी असं वाटतं. एका वर्षी गणपतीसाठी दार उघडलं, तर पाटांवर पांढरी लव उगवलेली, माझ्या चामडी चपलेला मिशा फुटलेल्या आणि भिंतीवरच्या आजोबांना हिरवी दाढी. आजोबा हयातीत रोज सकाळी दाढी करायचे, पाणी थंड असलं तरी. हिची लग्नातली शहापुरी साडी ट्रंकेत होती. ती उलगडताना घडीवर तुटली. त्यानंतरचे दोन तास मी पाट घासत होतो आणि कोणाशी बोलत नव्हतो, कारण कोणी माझ्याशी बोलत नव्हतं.

हे सगळं मी कॅनडातल्या भाच्याला फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं. भाचा कॅलगरीत असतो. तिथं थंडीत पारा उणे तीसपर्यंत उतरतो. लोक सुट्टीतली घरं बंद करून जातात आणि मागे घर गरम ठेवायची भट्टी बंद पडली, तर नळाच्या पाइपातलं पाणी गोठतं. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, पाइप फाटतो. पुन्हा वितळलं की घरभर तळं, आणि ते वसंतात कोणी दार उघडेपर्यंत कळत नाही. म्हणून तिकडे रिकाम्या घरात सेन्सर ठेवून घराचं तापमान फोनवर बघत बसायची पद्धत आहे. आमच्याकडे पाइप फुटतो तो गव्यानं पाय दिला म्हणून. पण भाच्याचं मन मोडवेना. तो मे महिन्यात आला तेव्हा बरोबर ते यंत्र घेऊनच आला.

यंत्र म्हणजे एक पांढरं, गुळगुळीत, हातात मावणारं, एका बाजूला जरा निमुळतं प्रकरण. आत बारकी बॅटरी. ते तापमान आणि हवेतला दमटपणा मोजतं, टीव्हीजवळच्या एका डबीला सांगतं, डबी इंटरनेटला सांगते आणि इंटरनेट मला सांगतं. त्याचा आकार तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवा होता. पस्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, भूमितीसकट.

इंटरनेटसाठी एक जुना मोबाइल सिमकार्ड घालून खिडकीत ठेवला. खिडकी गोव्याच्या बाजूची. महिन्याभरानं जाऊन बघतो, तर त्यात मेसेजांची रांग: गोव्यात आपले स्वागत आहे, कर्नाटकात आपले स्वागत आहे, पुन्हा गोव्यात स्वागत. जागचा न हलता मोबाइल दिवसातून चार वेळा सीमा ओलांडत होता. आता मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात गोवा आणि महाराष्ट्र मिळून एकच सर्कल. म्हणजे 1956 पासून मोर्चे, ठराव, लाठ्या आणि कोर्टकचेऱ्या करून जे जमलं नाही, ते आमच्या सिमकार्डानं वारा पश्चिमेचा असेल तेव्हा करून दाखवलं. मी ही गोष्ट गल्लीत कोणाला सांगितली नाही. सत्कार केला असता.

पहिल्याच रात्री फोन किंचाळला. घराचं तापमान 77. मी शर्ट घालून गाडीची किल्ली हातात घेतली. 77 अंशाला कौलंसुद्धा घामेजतील. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, ते फॅरनहाइट आहे. पंचवीस अंश झाले." शर्ट काढून ठेवला. नवीन माणसाची पहिली दोन-चार वाक्यं जपूनच ऐकावीत.

त्यानंतर मला नाद लागला. उठल्यावर आधी फोन, मग चूळ. जुलैत दमटपणाचा आकडा 97 टक्क्यांवर गेला आणि तिथंच पाय पसरून बसला. ही म्हणाली, "एसएसएलसीला तुमच्या लेकाला एवढे पडले असते तर!" रात्री तापमान उतरलं की टक्के वर चढायचे, दुपारी ऊन पडलं की खाली यायचे. मी तिला समजावून सांगितलं, की हवेतलं पाणी तेवढंच असतं, पण गार हवेच्या पोटात कमी मावतं, म्हणून टक्का वाढतो. ऐंशीच्या वर तो दिवसेंदिवस टिकला की बुरशीला अक्षत दिल्यासारखं होतं. ती म्हणाली, "मग आता फोनवरून काय करणार? फुंकर घालणार?" हा प्रश्न कॅलगरीत कोणी विचारत नसावं. तिकडे फोनवरूनच भट्टी पेटवतात म्हणे.

आमच्याकडे फोनवरून एकच करता येतं: मामांना फोन. मामा शेजारच्या वाडीत राहतात, किल्ली त्यांच्याकडे असते. करंट गेला की मोबाइलची बॅटरी चार-पाच तास तग धरते, डबी मात्र तत्काळ मान टाकते. मग माझ्या फोनवर घर करड्या रंगाचं होतं आणि मी मामांना फोन लावतो. मामा पलीकडून पावसाच्या आवाजात ओरडतात, "करंट गेलाय सर! कवा येतोय काय की!" हे संभाषण आम्ही ऑगस्टमध्ये सव्वीस वेळा केलं. फोनमध्ये नोंद आहे.

सप्टेंबरात गणपती झाले. सगळे जमले, घर माणसांनी आणि चुलीनं वाळलं. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून आम्ही दाराला कुलूप लावून परत आलो. सहा दिवस सगळं ठीक होतं, चोवीस अंश, नव्वद टक्के. सातव्या रात्री आकडा चढायला लागला. अठ्ठावीस. तेहेतीस. अडीच वाजता साडेसदतीस. आणि तिथं थांबला.

आग लागली असती तर थांबला नसता. बाहेर पाऊस, रात्रीची वेळ, आणि घर साडेसदतीसवर ठाम. सकाळी मामांना पाठवलं. तासाभरानं त्यांचा फोन.

"सर, घर हाय तसं हाय. भिंतीला हात लावून बगिटलो. गारगट्ट."

"आत काही गरम नाही?"

"गरम काय असतंय ओ? चूल सुद्दा पेटवलो नाही आमी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, हे मागाहून कळलं.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या डॉक्टरांना फाटकापाशी गाठून आकडा सांगितला. कोणाचा ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे साडेनव्याण्णव. कणकण आहे. विश्रांती द्या आणि पाणी भरपूर." विश्रांती त्या घराला बारमाही आणि पाण्याचं तर विचारूच नका. मुलाचं म्हणणं पडलं, की कोणीतरी आत कॉम्प्युटर मांडून बिटकॉइन काढतंय, ते यंत्र फार तापतं. मी लाइटबिल बघितलं. एवढ्या बिलात बिटकॉइन सोडाच, आठ आणेसुद्धा निघाले नसते. माझा स्वतःचा संशय दारूच्या भट्टीवर होता. गोव्याची हद्द जवळ, जंगल दाट, घर रिकामं. मामांवर संशय घ्यायला मन तयार नव्हतं, पण गेल्या शिमग्यात ते जरा जास्तच आनंदात होते.

भाच्यानं कॅलगरीहून आलेख बघितला आणि तो चक्रावला. त्याच्या मते हा हीटर होता, तोही उत्तम प्रतीचा. दिवसरात्र अर्ध्या अंशाचासुद्धा फरक नाही. फक्त रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला वीसेक मिनिटं आकडा तिसापर्यंत घसरायचा आणि पुन्हा वर. "मामा, कोणीतरी तो रोज ठरल्या वेळी बंद करून चालू करतंय. शिस्तीचा माणूस दिसतो." दमटपणाही नव्वदवरून पन्नाशीत आलेला. म्हणजे जो कोणी होता, त्यानं बुरशीचा बंदोबस्त केला होता. खरं सांगायचं तर मला त्याच्याबद्दल थोडा आदर वाटायला लागला होता.

तरीही जायला अठरा दिवस लागले. एक तर पाऊस. दुसरं म्हणजे रस्ता. जांबोटीच्या पुढे त्या दिवसांत खड्ड्यांतून रस्ता हुडकत जावं लागतं आणि तो दर वेळी तिथंच सापडेल असं नाही. अखेर एका रविवारी उघडीप मिळाली, ही डब्यात पोळी-भाजी घेऊन आणि मी काठी घेऊन निघालो. काठी शिस्तीच्या माणसासाठी.

कुलूप उघडलं. आत गार. सोपा गार, माजघर गार, आजोबांच्या हनुवटीवर कोवळी हिरवी लव. म्हणजे बुरशीचा बंदोबस्त झालाच नव्हता. खिडकीवर यंत्राची जागा रिकामी, धुळीत गोल डाग. फोनवर मात्र साडेसदतीस. यंत्र घरात आहे आणि गरम आहे, पण घर गरम नाही. तेवढ्यात कोठीच्या खोलीतून कोणीतरी अत्यंत नाराज माणसानं घसा खाकरावा तसा आवाज आला.

मी काठी उगारून दार लोटलं. कोपऱ्यात भाताच्या पिंजरानं भरलेली बुट्टी, तिच्यावर एक तांबडी कोंबडी पिसं फुलवून पसरलेली. मी वाकलो, तिनं मनगटावर टोच मारली. पिसांखाली एक पांढरं टोक दिसत होतं आणि त्यावर बारका हिरवा दिवा दर दहा सेकंदांनी लुकलुकत होता.

मागून मामी धावत आल्या, पदराला हात पुसत. "हात लावू नका ओ सर! खुडूक मोडंल तिची!"

हळूहळू हकीकत बाहेर आली. कोंबडी खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागलेली, वाडीवर मुंगसाचा त्रास, आणि सरांचं घर बंद आणि कोरडं, म्हणजे त्यांच्या मानानं. कोंबडी नव्या जाग्यावर बसावी म्हणून आधी बुट्टीत एक खोटं अंडं ठेवतात. मामींनी खिडकीतलं ते पांढरं 'पोरांचं खेळणं' उचललं आणि ठेवलं. मग त्यावर अकरा खरी अंडी मांडली. विषमच मांडायची असतात. आमचं यंत्र धरून बारा झाली, पण कोंबडीनं तक्रार केली नाही. रोज सकाळी साडेआठला मामी दार उघडतात, ती उतरते, दाणे टिपते, पाणी पिते, वीस मिनिटांत परत.

"आणि मामा, तुम्ही मला सांगितलं नाही?"

मामा कौलांकडे बघत म्हणाले, "तुमी भिंतीचं इचारलासा."

यंत्र काढून घ्यावं म्हणून मी हात पुढे केला, तर हिनंच माझा हात मागे ओढला. मामी म्हणाल्या, अठरावा दिवस आहे, एकविसाव्याला फुटतात, आता काही हलवायचं नाही. आम्ही सोप्यात बसून पोळी-भाजी खाल्ली, मनगटाला हळद लावली आणि परत आलो.

त्या रात्री अडीच वाजता मला कोणीतरी हलवलं. "अहो, किती आहे?"

"साडेसदतीस."

"बघू." तिनं चष्मा लावून स्वतः बघितलं आणि मगच झोपली. दुसऱ्या रात्री दोनदा. सकाळी साडेआठला फोन तिच्याच हातात असायचा. विसाच्या ऐवजी पंचवीस मिनिटं झाली तर ती फेऱ्या घालायची. "कुठं उलथली ही, अंडी गार पडतील की!" कॅलगरीच्या भाच्यानं त्याच्या ऑफिसात आलेख दाखवला. तिथले तीन अनोळखी कॅनडियन रोज चौकशी करत होते.

विसाव्या रात्री साडेअकराला फोनवर घर करडं झालं. ही ताडकन उठून बसली. "लावा मामांना फोन."

"एवढ्या रात्री?"

"लावा म्हणते ना."

मी लावला. बराच वेळ वाजला. पलीकडून पावसाचा आवाज आला, मग मामांचा. त्यांनी मला काही विचारूच दिलं नाही.

"करंट गेलाय सर. झोपा आता. कोंबडीला करंट लागत नाही."